दाजी आणि एक लिटर ऑइल

कोल्हापूर जिल्ह्यात उसाच्या खालोखाल कशाचं पीक येत असेल तर ते संशयाचं, आणि त्या पिकाचे सगळ्यांत मोठे बागायतदार म्हणजे माझे थोरले साडू. बायकोच्या माहेरी त्यांना सगळे दाजी म्हणतात, म्हणून मीही दाजीच म्हणतो. कसबा बावड्याला, शेतं संपून नवी घरं सुरू होतात त्या अंगाला त्यांचं घर आहे. दाराला दोन कुलपं आहेत. एक चोरासाठी आणि दुसरं पहिल्या कुलपाच्या कंपनीवर भरवसा नाही म्हणून. दूध ते घरी कधी घेत नसत; गंगावेशीच्या कट्ट्यावर जाऊन डोळ्यांसमोर धार काढून घेत. एकदा मी बरोबर होतो. गवळ्यानं म्हशीची कास धुतली, भांडं पालथं करून दाखवलं, धार काढली आणि फेसाळ दुधाचा ग्लास पुढं केला. आता ह्यात संशयाला जागा कुठं आहे, असं तुम्हाआम्हाला वाटेल. दाजींनी म्हशीकडं बराच वेळ निरखून बघितलं आणि गवळ्याला विचारलं, "सकाळी पाणी किती पाजलंईस हिला?" गवळी हसला नाही. आपल्याकडं स्वतःबद्दल बोललेलं माणूस एक वेळ सोडून देतो, म्हशीबद्दल बोललेलं सोडत नाही. त्यानं ग्लास परत घेतला आणि दाजींच्या देखत स्वतःच पिऊन टाकला.

मी विम्याचा एजंट, म्हणजे दाजींच्या लेखी उजेडात फिरणारा दरोडेखोर. माझ्या लग्नाच्या बैठकीत त्यांनी सासऱ्यांना कोपऱ्यात नेऊन सांगितलं होतं, "पोरगा बरा हाय, पर दुसऱ्याच्या मरणावर धंदा करतोय, वाईच ध्यान ठिवा." पुढं आमची गट्टी जमली, पण माझ्याकडून पॉलिसी काही त्यांनी घेतली नाही. माझ्या घरी जेवायला आले की पहिला घास मी खाल्ल्याशिवाय ते ताटाला हात लावत नाहीत, आणि वर मला म्हणतात, "तसं न्हवं पावणं, तुमचा मान हाय त्यो."

हा स्वभाव त्यांना जन्मजात नव्हता, असं अक्का सांगते. अक्का म्हणजे त्यांची बायको, माझी थोरली मेव्हणी. दाजींची अख्खी नोकरी एका साखर कारखान्याच्या काट्यावर गेली. काटा म्हणजे उसानं भरलेल्या गाड्या तोलायची जागा. तिथं खिडकीबाहेरचा शेतकरी आतल्या माणसाकडं बघतो ते चोराकडं बघावं तसं, आणि आतला माणूस बाहेर बघतो तोही तसाच. उसात दगड घातलेत का, मोळ्यांवर पाणी मारलंय का, भरल्या गाडीत बसून आलेला ड्रायव्हर रिकामी गाडी तोलताना हळूच खाली उतरलाय का. सगळे हंगाम हेच. दोन्हीकडून संशय पिऊन पिऊन माणूस असा झाला, तर त्यात त्याचा काय दोष? मी हे अक्काला बोलून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "दोष न्हाई, पर माझ्या डब्यातल्या तिखटावर, किती काढलं ते कळावं म्हणून, रोज बोटानं रेघ मारून ठेवत्यात, त्याचं काय करू?"

अशा माणसाची मोटरसायकल बावीस वर्षं एकाच मिस्त्रीकडं होती, ह्याचं मला कायम नवल वाटायचं. उद्यमनगरात लेथच्या दोन शेडांच्या मधी मिस्त्रींचं पत्र्याचं गॅरेज. पाटी नाही, काउंटर नाही. मिस्त्री दाजींपेक्षा सहा-सात वर्षांनी मोठे, सडपातळ, कमी बोलणारे. दर तीन महिन्यांनी, अडीच हजार किलोमीटर झाले, की दाजी इंजिन ऑइलचा सीलबंद डबा स्वतः विकत घ्यायचे आणि वाटेत कुणी बदलू नये म्हणून शर्टाच्या आत घालून गॅरेजपर्यंत आणायचे. गॅरेजात एक लाकडी स्टूल होतं. ते नेमकं अशा जागी मांडलेलं असे, की तिथून इंजिनाच्या बुडाचा बोल्टही दिसावा आणि मिस्त्रींचे दोन्ही हातही दिसावेत. दाजी त्यावर बसायचे. मिस्त्री सतरा नंबरचा पाना लावून बोल्ट काढायचे, जुनं काळं ऑइल घमेल्यात पडायचं, दाजी ते चिमटीत चोळून वास घ्यायचे. मग मिस्त्री नव्या डब्याचं सील त्यांच्या नाकासमोर धरून फोडायचे. ओतून झालं, की रिकामा डबा दाजींच्या हातात द्यायचे आणि न मागता खिळा आणि हातोडी पुढं करायचे. दाजी डब्याच्या बुडाला तीन भोकं पाडायचे. रिकामे डबे गोळा करून, त्यात भेसळीचं ऑइल भरून परत विकतात, असं त्यांचं म्हणणं. आणि खरं सांगायचं तर ते अगदीच खोटं नाही.

हे झालं तीन महिन्यांनी. पण मधल्या काळातही आठवड्यातून एकदा दाजी तिथं असायचेच. कधी चेन सैल वाटतीया म्हणून, कधी ब्रेक वाजतोय म्हणून, आणि काहीच सुचलं नाही तर "वाईच आवाज बघा की इंजिनचा" म्हणून. मिस्त्री आवाज ऐकायचे, मान हलवायचे, चहा सांगायचे. त्या दोघांत तासाभरात दहा वाक्यं होत असतील नसतील. एकदा दाजी पलीकडं गेले असताना मी मिस्त्रींना विचारलं, "तुम्हाला राग येत नाही हो? बावीस वर्षं झाली, अजून हातावरची नजर काढत नाहीत." मिस्त्री हसले. "राग कशाचा? बाकीची गिऱ्हाइकं गाडी टाकून निघून जात्यात. माझं काम बसून बघणारा एकच माणूस हाय ह्यो." मिस्त्री त्यांना काटासाहेब म्हणत. हे नाव दाजींना दुसऱ्या कुणी घेतलेलं खपायचं नाही.

मग जुन्या गाडीनं मान टाकली. इंजिन चांगलं होतं, पण बाकीचे सुटे भाग मिळेनासे झाले आणि मिस्त्रींनीच एक दिवस सांगितलं, "काटासाहेब, आता हिला रिटायर करा." दिवाळीच्या पाडव्याला नवी गाडी आली. ती घेताना शोरूमवाल्यांचे जे हाल झाले ते मी डोळ्यांनी पाहिलेत. चेसिसवरचा नंबर दाजींनी भिंगातून एकेक आकडा वाचून घेतला, टाकीवर डोकं टेकवून रंगाचा वास घेतला आणि कागदावर सही करायच्या आधी विचारलं, "हिच्यावर आधी कोण बसलंतं?" पहिल्या तीन सर्व्हिसिंग कंपनीकडून फुकट होत्या, आणि फुकट म्हटल्यावर दाजींना रात्रभर झोप नाही. त्यात तिथं गिऱ्हाइकाला काचेच्या अलीकडं बसवतात. आत काय चाललंय ते धड दिसत नाही. दाजींनी काय करावं? घरातून निघायच्या आधी अक्काचं नेलपॉलिश घेतलं आणि इंजिनाच्या बुडाच्या बोल्टवरून बाजूच्या इंजिनावर उतरणारी एक बारीक लाल रेघ ओढून ठेवली. बोल्ट खोललाच नाही तर रेघ अखंड राहणार, म्हणजे ऑइल बदललेलं नाही. संध्याकाळी गाडी घरी आली तेव्हा दाजी अंगणात पोतं अंथरून आडवे झाले आणि बघितलं, तर रेघ तुटलेली. मी म्हणालो, "बघा, बदललं की ऑइल." दाजी तसेच आडवे पडून म्हणाले, "नुसता खोलून परत बशिवला आसंल."

उन्हाळ्यात फुकटच्या तिन्ही सर्व्हिसिंग संपल्या आणि खरा प्रश्न उभा राहिला: आता ह्यापुढं गाडीला ऑइल कोणतं घालायचं, साधं की सिंथेटिक? साधं स्वस्त, पण अडीच हजारावर बदलावं लागतं. सिंथेटिक महाग, पण म्हणे पाच हजार चालतं. तुमच्याआमच्यासाठी हा पाच मिनिटांचा विषय. दाजींनी त्याला दीड महिना लावला. कंपनीवाले सिंथेटिक म्हणाले, म्हणजे त्यात काहीतरी काळंबेरं असणार. दुकानदार साधं म्हणाला, म्हणजे जुना माल पडून असणार. मी म्हणालो, गाडीबरोबर पुस्तक येतं ते वाचा. ते पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेला माणूस पृथ्वीवर एकच असेल, आणि तो माझा साडू आहे. वाचून झाल्यावर त्यांनी मला फोन केला. "पावणं, त्यात लिवलंय कंपनीचंच ऑइल वापरा. आन त्ये ऑइल इकतंय कोण? कंपनीच. म्हंजे आरोपीच साक्षीदार."

शेवटी त्यांनी आपल्या जन्माच्या विद्येला हात घातला. दोन्ही प्रकारांचे एकेक लिटरचे डबे घेऊन ते कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेले. आधी मिठाचा पुडा ठेवून दुकानदाराचा काटा तपासला, मग दुसऱ्या कंपनीचा पुडा ठेवून पहिला पुडा तपासला, मग डबे तोलले. रिकाम्या डब्याचं वजन वजा करायला घरातला जुना भोकं पाडलेला डबा नेला होता, आणि भोकांमुळं जेवढं प्लास्टिक कमी झालं तेसुद्धा अंदाजानं धरलं. मग माझ्या घरी येऊन धापा टाकत म्हणाले, "लिटर लिवल्यात आन आत पावणेनऊशे गिराम! आन सिंथेटिक त्याच्यापरीसबी कमी!" मी त्यांना समजावलं, की दाजी, लिटर हे माप आहे, वजन नव्हे, तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, लिटरभर तेल किलोभर कधीच भरणार नाही. ज्यानं आयुष्यभर सगळं जग टनात मोजलं त्याला हे पटवणं सोपं नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं, पाण्याचा तांब्या उचलला, खाली ठेवला आणि म्हणाले, "पाणी लिटरला किलो भरतंय का न्हाय? फुकट मिळतंय ते बरोब्बर भरतंय, आन इकत घेतलेलं कमी. ह्यातच काय ते समजा."

पुढच्या गुरुवारी नव्या गाडीवर मला मागं बसवून ते नृसिंहवाडीला गेले. दत्ताच्या पादुकांसमोर त्यांनी दोन चिठ्ठ्या टाकल्या, एकीवर साधं, एकीवर सिंथेटिक. डोळे मिटून उचलली, तर सिंथेटिक. दाजींचं समाधान नाही. "सिंथेटिक लिवायला शाई जास्त लागली, चिठ्ठी जड झाली, बोटाला तीच लागली." परत टाकल्या, परत सिंथेटिक. तिसऱ्यांदाही तेच. मागं दर्शनाची रांग खोळंबलेली, लोक खाकरायला लागलेले. दाजींनी हात जोडले, कपाळ टेकलं आणि बाहेर येऊन घाटाच्या पायरीवर बसले. नदीकडं बघत म्हणाले, "देवावर अविश्वास न्हाय. पर देवानं कधी बोल्ट खोललाय? मिस्त्रीला इचारू."

मला तेव्हा कळलं, की दीड महिना चाललेली ही सगळी चौकशी म्हणजे नुसती टाळाटाळ होती. मिस्त्री काय सांगणार हे त्यांना पाठ होतं. बावीस वर्षं मिस्त्री एकच सांगत आले होते: साधं घाला, पर येळेवर बदला. दाजींना तेच ऐकायचं होतं, कारण साधं घातलं म्हणजे तीन महिन्यांनी परत स्टुलावर बसता येत होतं. फुकटच्या सर्व्हिसिंगच्या नादात त्यांचं तिकडं जाणंही कमी झालेलं होतं. दुसऱ्याच दिवशी आम्ही उद्यमनगरात गेलो. दाजी स्टुलावर बसले आणि साक्ष काढल्यासारखं मोठ्यानं म्हणाले, "मिस्त्री, सांगा ह्या पावण्यांस्नी. साधं का सिंथेटिक?"

मिस्त्री फडक्याला हात पुसत होते. पुसून झाले तरी पुसतच राहिले. मग गाडीकडं बघत म्हणाले, "सिंथेटिक घाला, काटासाहेब."

"आं?"

"सिंथेटिक. सा म्हैनं खोलायला लागणार न्हाय."

"तुमीच म्हणत आलाईसा की साधं घाला म्हणून!"

"ते जुन्या गाडीला. हिला सिंथेटिकच घाला," मिस्त्री म्हणाले आणि आत जाऊन विनाकारण एक डबा इकडचा तिकडं केला. त्या दिवशी चहा आला नाही.

परत येताना मी गाडीवर मागं बसलो होतो. वाऱ्यावर काहीतरी बोलायचं म्हणून, आणि कमिशनवर जगणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार म्हणून, मी म्हणालो, "दाजी, कंपनीनं मिस्त्रींनाही कमिशन लावलेलं दिसतंय." नुसती चेष्टा होती. दाजींनी गाडीचा वेग वाढवला. बावड्यात चहा अर्धाच पिऊन उठले. मी ते विसरून गेलो. माणसाला स्वतःच्या जिभेचा विसर फार लवकर पडतो.

त्यानंतर दाजी मिस्त्रींकडं गेले नाहीत. एक महिना गेला, पावसाळा गेला. त्यांनी साधंच ऑइल घेतलं आणि ते बदलून घ्यायला गावभर दुसरी गॅरेजं धुंडाळली. एकानं सांगितलं, "काका, भाईर थांबा, हितं बसायचं न्हाय." दुसऱ्याकडं खिळा आणि हातोडी मागितली तर त्यानं ह्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. तिसऱ्यानं जुनं ऑइल काढून झाल्यावर ह्यांचा डबा बाजूला ठेवून पिंपातलं ऑइल ओतायला काढलं, तेव्हा दाजी गाडी ढकलत घरी आले. मला हे सगळं ऐकून हसू येत होतं. पण एके दिवशी अक्काचा फोन आला आणि माझं हसू थांबलं. ती म्हणाली, "कट्ट्यावर जायाचं बंद केलंय ह्यांनी. पिशवीचं दूध आणत्यात आन तारीखसुदीक बघत न्हाईत. तिखटाच्या डब्यावर म्हैनाभर रेघ न्हाई. मला भ्या वाटतंय वो." आमच्या दाजींनी संशय घेणं सोडलं, म्हणजे दुखणं खरंच आत उतरलं होतं.

घटस्थापना झाली आणि त्याच आठवड्यात मी माझी स्कूटर घेऊन मुद्दाम उद्यमनगरात गेलो. स्टूल जागेवर होतं, त्यावर धूळ होती. मिस्त्रींनी मला ओळखलं, पण दाजी कसे आहेत ते विचारलं नाही. स्कूटरचा प्लग काढायला वाकले तेव्हा मला त्यांचा उजवा हात दिसला. तो थरथरत होता. डाव्या हातानं त्याचं मनगट धरून ते पाना फिरवत होते. माझी नजर गेली ते त्यांनाही कळलं.

"दीड-दोन वर्सं झाली," ते म्हणाले. "वाढतंय. लेक आजऱ्याला दिल्याली हाय, ती न्यायला येणाराय. दसरा झाला की हे बंद."

"दाजींना सांगितलंत?"

"कसं सांगू? बावीस वर्सं त्यो माणूस माझ्या हाताकडं बघत बसलाय." त्यांनी प्लग फडक्यावर ठेवला. "म्हणून सिंथेटिक सांगितलं. साधं घातलं आसतं तर वर्सातनं चारदा खोलायला लागलं आसतं. मी न्हाय म्हटल्यावर कुणाकडं जाणार वो त्यो? कोण त्याला श्टुलावर बसू देणार, कोण खिळा देणार? म्हटलं, जेवढं कमी येळा परक्या माणसासमोर बसायला लागंल तेवढं बरं."

त्या माणसानं आपलं गिऱ्हाईक आणि आपला सोबती दोन्ही जाऊ दिले होते, ते त्याच माणसाच्या जिवाला घोर लागू नये म्हणून. आणि मी त्याला कमिशन म्हणालो होतो. मला त्या स्टुलाकडं बघवेना.

तिथून मी थेट बावड्याला गेलो आणि दाजींना सगळं सांगितलं. माझी चेष्टा, मिस्त्रींचा हात, आजरा, दसरा, सगळं. मला वाटलं ते चमकतील. ते खुर्चीत हलले सुद्धा नाहीत.

"हात कापतोय ते म्हाईत हाय मला," ते म्हणाले. "त्यांच्या आधी मला दिसलंय. ऑइल नरसाळ्याच्या भाईर सांडायचं. मी पायानं फडकं पुढं सारायचो, त्यांस्नी दिसू ने म्हणून."

जन्मभर गवळ्यापासून दत्तापर्यंत एकाही बाबतीतला संशय ज्यानं पोटात ठेवला नाही, त्यानं हा एक पोटात ठेवला होता. मी विचारलं, "मग कमिशनचं खरं वाटलं तुम्हाला?"

"कमिशन? तुमाला पावणं कमिशनपलीकडं काय दिसतच न्हाय." मग आवाज खाली आला. "सा म्हैनं खोलायला लागणार न्हाय म्हणाले. मला वाटलं, माझाच कटाळा आला त्यांस्नी. म्हटलं, बावीस वर्सं डोक्यावर बसून बघतोय, शेवटी माणूसच हाय त्यो."

खंडेनवमीच्या दिवशी सकाळी दाजींनी मला फोन करून बोलावलं. त्यांच्या शर्टाच्या आत डबा होता. सिंथेटिक. त्या दिवशी अख्ख्या उद्यमनगरात झेंडूचा वास होता, लेथ बंद, सगळी हत्यारं धुऊन पुसून पूजेला मांडलेली. खंडेनवमीला पूजेतलं हत्यार कुणी उचलत नाही. हे आठवून मी दाजींना वाटेत म्हणालो, "आज कोण काम करतंय?" त्यांनी शर्टावरून डबा चाचपला. मिस्त्रींच्या गॅरेजात पाटावर सगळे पाने, हातोडी, पकडी ओळीनं मांडून त्यांना हळदकुंकू वाहिलेलं होतं. त्या ओळीत चौदा नंबरच्या आणि एकोणीस नंबरच्या पान्याच्या मधी एक जागा रिकामी होती. सतरा नंबरचा पाना पूजेत नव्हता. तो आणि एक नरसाळं स्टुलाशेजारी फडक्यावर ठेवलेलं होतं.

"तुमी न्हाय आला आसता, तर पाना उद्या मांडला आसता," मिस्त्री म्हणाले. एवढंच. दाजींनी स्टुलावरची धूळ हातानं पुसली आणि बसले.

बोल्ट मिस्त्रींनीच काढला. वेळ लागला. काळं ऑइल घमेल्यात पडलं. दाजींनी ते चिमटीत घेतलं नाही. मिस्त्रींनी नवा डबा त्यांच्या नाकासमोर धरला आणि म्हणाले, "सील बघून घ्या." दाजी म्हणाले, "बघितलं." मी तिथंच उभा होतो, त्यांनी सीलकडं ढुंकूनही बघितलं नव्हतं. ते हाताकडं बघत होते. ओतताना हात थरथरायला लागला तेव्हा दाजी स्टुलावरून उतरून खाली बसले आणि दोन्ही हातांनी नरसाळं धरलं. त्या दिवशी एक थेंब बाहेर सांडला नाही. हातोडी पूजेत होती, म्हणून मिस्त्रींनी नुसता खिळा पुढं केला आणि म्हणाले, "दगडानं ठोका." दाजींनी खिळा घेतला, खिशात टाकला, आणि डबा तसाच, भोक न पाडता, पिशवीत घातला. मी बघतोय म्हटल्यावर माझ्यावर गुरकावले, "नंतर पाडतो की! सणाचं कशाला ठोकाठोकी?" तो डबा अजून त्यांच्या देवघराच्या फळीवर आहे. अक्का त्यात वाती ठेवते.

मिस्त्री आता आजऱ्याला असतात. लेकीच्या घरामागं काजूची झाडं आहेत, तिथं खुर्ची टाकून बसतात असं दाजी सांगतात. दाजींना हे कळतं, कारण दर रविवारी ते गाडी काढून आजऱ्याला जातात. जाऊन येऊन पावणेदोनशे किलोमीटर होतात, ह्या वयात कंबर मोडते, पण ते म्हणतात, "नव्या गाडीचा आवाज वाईच त्यांच्या कानावर घालून येतो." मिस्त्री आवाज ऐकतात, मान हलवतात, चहा सांगतात. दूध पुन्हा कट्ट्यावरून येतं, तिखटाच्या डब्यावर रेघ उमटली आहे, आणि अक्का त्याबद्दल तक्रार करते तेव्हा तिच्या तोंडावर केवढं तरी समाधान असतं.

परवा दाजी माझ्याकडं आले तेच मुळी तणतणत. नव्या ऑइलचा डबा टेबलावर आपटून म्हणाले, "पावणं, मी म्हणत न्हवतो? सिंथेटिक म्हणं दुप्पट टिकतंय, म्हणं सा म्हैनं बघायला नको. ह्या येळंलाबी तीन म्हैन्यांतच पाच हजार झालं. साध्या ऑइलला जेवढं दिस लागायचं, तेवढंच. फसवत्यात लेकाचे!"

दर रविवारचे पावणेदोनशे मी मनातल्या मनात मोजले. तोंडावर आलं होतं सांगायचं. पण एकदा बोलून बसलो होतो, तेवढं पुरे होतं. मी म्हणालो, "खरं आहे दाजी, भरवसा कुणाचा धरायचा नाही." त्यांनी माझ्याकडं संशयानं बघितलं. मग डबा शर्टाच्या आत घातला, खिसा चाचपून खिळा आहे ना ते बघितलं आणि म्हणाले, "रविवारी जरा लवकर निघतो. बदलायचंय. श्टूल काढून ठेवत्यात मिस्त्री."